कूटश्लोक व शब्दकोडे

ज्या रचनेचा वरवरचा अर्थ वाचकाला जाणूनबुजून चकवतो आणि खरा अर्थ पदांची फोड, श्लेष, अक्षरांची उलटापालट किंवा सांकेतिक शब्द यांच्या आधारे शोधून काढावा लागतो, त्या रचनेस सामान्यतः कूट असे म्हणतात. ‘कूट’ या संस्कृत शब्दाचे ढीग, शिखर, कपट, कोडे असे अनेक अर्थ असून त्यांपैकी शेवटचे दोन येथे अभिप्रेत आहेत. श्लोकरूप कूटास कूटश्लोक, अभंगरूप कूटास कूट अभंग आणि चौकटींच्या जाळ्यात भरावयाच्या शब्दांसाठी दिलेल्या कूट सूचकांच्या संचास कूट शब्दकोडे म्हणता येईल. पहिले दोन प्रकार भारतीय परंपरेतील असून तिसरा विसाव्या शतकात पश्चिमेकडून आला. तथापि तिन्हींमागील बौद्धिक व्यापार एकच आहे आणि तो उकलण्याची व समजावून देण्याची पद्धतीही पुष्कळ अंशी समान आहे. संस्कृत पाठशाळा, कोशकार्य, महाभारताची चिकित्सक आवृत्ती आणि मराठी वृत्तपत्रे या चारही गोष्टी पुणे शहरात एकत्र नांदल्यामुळे या विषयाचा अभ्यास तेथील उदाहरणांच्या आधारे विशेष सोयीने करता येतो.

प्राचीन परंपरा : कूट भाषेचे एक जुने व लक्षणीय उदाहरण महाभारताच्या आदिपर्वात आढळते. पांडव वारणावतास निघाले असता विदुराने युधिष्ठिराला सर्वांसमक्ष, पण इतरांना उमगणार नाही अशा भाषेत सावध केले. लोखंडाचे नसूनही शरीर छेदणारे शस्त्र, वाळलेले रान जाळणारा पण बिळात राहणाऱ्यांना न मारणारा पदार्थ, नक्षत्रांवरून कळणाऱ्या दिशा, असे त्या बोलण्याचे स्वरूप होते. युधिष्ठिराने ‘समजले’ एवढेच उत्तर दिले आणि नंतर कुंतीने विचारल्यावर त्याचा आशय सांगितला. शस्त्र म्हणजे अग्नी, बीळ म्हणजे भुयार, नक्षत्रे म्हणजे रात्रीच्या पलायनाची वाट. लाक्षागृहातून पांडव जिवंत सुटले ते या उकलीमुळे. कूट हा केवळ रिकामपणाचा विरंगुळा नव्हता, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते.

वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांमध्ये प्रहेलिकेची गणना आहे. दंडीने (सु. सातवे–आठवे शतक) काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले असून क्रीडागोष्ठीतील विनोद, गर्दीत करावयाची गुप्त मसलत आणि दुसऱ्याला संभ्रमात पाडणे असे तिचे उपयोग दिले आहेत. त्याच्या प्रकारांपैकी ‘समागता’ या प्रकारात संधीमुळे पदे लपतात. ‘वंचिता’ या प्रकारात रूढ शब्द वेगळ्याच अर्थाने योजलेला असतो. ‘व्युत्क्रांता’ या प्रकारात परस्परसंबद्ध पदे दूरदूर टाकलेली असतात. पूर्वाचार्यांनी आणखी चौदा दुष्ट प्रहेलिका सांगितल्या असल्याचेही तो नमूद करतो. म्हणजे चकविण्यातही योग्य व अयोग्य असा भेद असतो, ही जाणीव भारतीय साहित्यशास्त्रात बरीच जुनी आहे. धर्मदासाच्या विदग्धमुखमंडन या ग्रंथात अंतरालाप (ज्याचे उत्तर श्लोकातच दडलेले असते) आणि बहिरालाप (ज्याचे उत्तर बाहेरून आणावे लागते) यांसारखे प्रकार विस्ताराने आले आहेत.

साहित्यशास्त्रज्ञांनी या प्रकारास फारसा मान दिला नाही. केवळ व्याख्येच्या आधारे कळणारे काव्य हा बुद्धिमंतांचा उत्सव खरा, पण मंदबुद्धींचा त्यात घात होतो, अशा आशयाचे मत भामहाने मांडले. मम्मटाने चित्रकाव्य अवर कोटीत टाकले. ज्या रचनेत कोडे सुटल्यावर काहीच उरत नाही तीत रस नाही, असा या मताचा गाभा आहे. शास्त्री-पंडितांच्या सभांत मात्र कूटश्लोकांचे अगत्य टिकून राहिले.

कूटश्लोकांची घडण : संस्कृत कूटांत मुख्यतः चार युक्त्या आढळतात. पहिली पदच्छेदाची. एका प्रसिद्ध सुभाषितात केशव पडला, द्रोण हर्षित झाला व कौरव रडू लागले, असा चमत्कारिक अर्थ प्रथम प्रतीत होतो. ‘केशवम्’ याची फोड ‘के’ (पाण्यात) आणि ‘शवम्’ (प्रेत) अशी केली व ‘द्रोण’ म्हणजे डोमकावळा आणि ‘कौरव’ म्हणजे कोल्हे असे अर्थ घेतले, की पाण्यात पडलेल्या प्रेताभोवतीचे साधे दृश्य उभे राहते. कावळा आनंदतो, कारण प्रेत त्याच्या आटोक्यात आहे. कोल्हे रडतात, कारण ते पाण्यात असल्याने त्यांच्या हाती लागत नाही. या उत्तराने श्लोकातील प्रत्येक क्रियापदाची संगती लागते आणि हीच त्या उत्तराच्या खरेपणाची कसोटी होय.

दुसरी युक्ती परंपरित समासाची. महाभारताच्या प्रचलित पाठातील विराटपर्वात द्रोणाचार्यांच्या तोंडी ‘लंकेशवनारिकेतु’ असा शब्द येतो. लंकेश म्हणजे रावण, त्याचे वन म्हणजे अशोकवन, त्या वनाचा अरी म्हणजे ते उद्ध्वस्त करणारा हनुमान आणि तो ज्याच्या केतूवर, म्हणजे ध्वजावर आहे, तो अर्जुन. अज्ञातवासातील अर्जुनाची ओळख भीष्मांना पटावी व इतरांना पटू नये, अशी ही योजना आहे. तिसरी युक्ती श्लेषाची व चौथी संख्यावाचक शब्दांची. चंद्र अथवा भू म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, अग्नी म्हणजे तीन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा, अश्व म्हणजे सात, वसू म्हणजे आठ, ग्रह म्हणजे नऊ व आकाश म्हणजे शून्य, असे हे संकेत असून अंक एककस्थानापासून डावीकडे मांडत जावयाचे असतात. ‘रस–ग्रह–बाण–भू’ या शब्दांतून अनुक्रमे ६, ९, ५, १ हे अंक मिळतात आणि ते उलट मांडले की शके १५९६ हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे वर्ष (इ. स. १६७४) निघते. ग्रंथांचे व शिलालेखांचे काल या पद्धतीने नोंदविण्याचा प्रघात असल्यामुळे कूट सोडविणे हे इतिहाससंशोधकाचे एक आवश्यक कौशल्य ठरले.

मराठीतील कूटरचना : मराठीत कोड्यास उखाणा, आहणा, हुमाण अशी नावे आहेत. उखाणा हा शब्द आज प्रामुख्याने पतिपत्नींनी एकमेकांचे नाव घेण्याच्या पद्यासाठी रूढ असला, तरी कोडे हा त्याचा जुना अर्थ कोशांत नोंदलेला आहे. संतवाङ्मयात मुक्ताबाईंच्या नावावरील कूट अभंग सर्वपरिचित आहेत. असंभाव्य घटनांच्या मालिकेतून अध्यात्मानुभव सुचविणे ही त्यांची रीत असून त्यांचे उत्तर एकाच शब्दात देता येत नाही. एकनाथांच्या भारुडांत लौकिक पात्राच्या आड पारमार्थिक अर्थ ठेवलेला असतो. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळा, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले व विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांची उकल झाल्यावर प्राचीन मराठी गद्याचे एक मोठे भांडार अभ्यासकांना खुले झाले. पंडित कवींपैकी मोरोपंतांनी (१७२९–९४) रामायणे रचताना अक्षरबंधनाचे अनेक प्रयोग केले. निरोष्ठ रामायणात त्यांनी ओष्ठ्य वर्ण वर्ज्य केले. मंत्ररामायणात रामाचा त्रयोदशाक्षरी मंत्र अक्षराक्षराने गुंफला. अक्षर हेच खेळाचे एकक मानण्याची ही दृष्टी पुढे मराठी शब्दकोड्यास उपकारक ठरली.

पुणे आणि महाभारतातील कूटे : महाभारतातील कूटांविषयीची सर्वांत प्रसिद्ध कथा गणेशाची आहे. लेखणी थांबू द्यावयाची नाही, ही गणेशाची अट. अर्थ समजल्याशिवाय लिहावयाचे नाही, ही व्यासांची प्रतिअट. गणेश विचार करीत थांबावा व तेवढ्यात पुढील श्लोक रचता यावेत, म्हणून व्यासांनी ८,८०० कूटश्लोक घातले, असे ही कथा सांगते. कूटांच्या स्पष्टीकरणाच्या बाबतीत नीलकंठ चतुर्धर यांची भारतभावदीप ही टीका सर्वाधिक प्रचारात आहे. सतराव्या शतकातील हा टीकाकार मूळचा गोदातीरावरील कोपरगावचा असून त्याने काशीत वास्तव्य करून ग्रंथलेखन केले. पुण्याच्या चित्रशाळा मुद्रणालयाने नीलकंठाच्या टीकेसह महाभारताची आवृत्ती १९२९ पासून रामचंद्रशास्त्री किंजवडेकर यांच्या संपादकत्वाखाली प्रसिद्ध केली व त्यामुळे कूटांची परंपरागत उकल सर्वसामान्य वाचकाच्या हाती आली.

याच काळात त्याच शहरात महाभारताकडे वेगळ्या दृष्टीने पाहणारे दुसरे कार्य चालू होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना ६ जुलै १९१७ रोजी झाली व १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस आरंभ झाला. विष्णु सीताराम सुखठणकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले. त्यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर श्री. कृ. बेलवलकर व पुढे प. ल. वैद्य यांनी ही धुरा वाहिली. एकूण १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे सुमारे ८९,००० श्लोकांची संहिता १९ खंडांत सिद्ध झाली आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या हस्ते तिच्या पूर्ततेची घोषणा झाली.

गणेशाची कथा सर्व हस्तलिखित परंपरांत नाही, ही गोष्ट मोरिट्स व्हिंटरनिट्स यांनी १८९८ मध्येच दाखविली होती. सुखठणकरांनी ही कथा मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. कूटांच्या जन्माची कथाच प्रक्षिप्त ठरावी, यामुळे श्रद्धाळू वाचकांना धक्का बसणे साहजिक होते. तथापि संपादकांनी ती नष्ट केली नाही. ती कोणत्या हस्तलिखितांत आढळते याच्या नोंदींसह जपली. याउलट विदुराचा कूट उपदेश संहितेत कायम राहिला. उत्तर आवडते किंवा रूढ आहे म्हणून स्वीकारावयाचे नाही, तर उपलब्ध पुराव्याच्या प्रत्येक कणाशी ते जुळते की नाही हे पाहावयाचे, हा या निवडीमागील दंडक होता. या शास्त्रातील आणखी एक तत्त्व कूटांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. दोन पाठांपैकी अवघड पाठ अधिक मूळचा असण्याचा संभव असतो, कारण लेखनिक दुर्बोध शब्द सोपा करतो, सोपा शब्द सहसा दुर्बोध करीत नाही. स्वीकारलेल्या पाठावरून इतर पाठ कसे उद्भवले याचे स्पष्टीकरण देता आले पाहिजे. अशा प्रकारे पाठसंपादन हेही एक प्रकारचे कोडे सोडविणेच असून त्याचेही उत्तर कारणासहितच ग्राह्य धरले जाते.

पाश्चात्त्य शब्दकोडे : आधुनिक शब्दकोड्याचा आरंभ आर्थर विन यांनी न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्राच्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात दिलेल्या कोड्यापासून मानतात. त्यातील सूचके सरळ अर्थाची होती. ही प्रथा इंग्लंडमध्ये गेल्यावर तेथे तिला कूट वळण मिळाले. एडवर्ड पॉइस मॅथर्स यांनी ‘टॉर्कमाडा’ या टोपणनावाने १९२६ पासून ऑब्झर्व्हर या साप्ताहिकात संपूर्ण कूट सूचकांची कोडी दिली. लंडनच्या टाइम्स या दैनिकाने १ फेब्रुवारी १९३० पासून शब्दकोडे सुरू केले. कोडेकाराने सूचकाचा वरवरचा अर्थ फसवा ठेवावा, पण त्याच्या शब्दांतून अभिप्रेत उत्तर काटेकोरपणे निघालेच पाहिजे, हे तत्त्व ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये मांडले. डेरिक मॅकनट यांनी ‘झिमेनीझ’ या नावाने १९६६ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्याचे सविस्तर नियम केले. दुष्ट प्रहेलिका वर्ज्य मानणाऱ्या दंडीच्या भूमिकेशी याचे साम्य लक्षात येण्याजोगे आहे. जानेवारी १९४२ मध्ये लंडनच्या डेली टेलिग्राफ या दैनिकाने घेतलेल्या स्पर्धेत बारा मिनिटांच्या आत कोडे सोडविणाऱ्यांपैकी काहींना पुढे गुप्त संदेश उलगडण्याच्या युद्धकार्यासाठी पाचारण करण्यात आले.

मराठी सूचकांची उकल : कूट सूचकाचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा सरळ अर्थ, तर दुसऱ्यात ते घडविण्याची कृती असते. दोन्ही भाग एकाच शब्दाकडे नेतात. त्यामुळे उत्तराचा ताळा सूचकातच मिळतो. कंसातील अंक अक्षरसंख्या दर्शवितो. मराठीत एका चौकटीत एक वर्ण न येता मात्रा व जोडाक्षर यांसह एक पूर्ण अक्षर येते, हा इंग्रजी कोड्याहून मोठा भेद होय. मराठी शब्द बहुधा दोन ते पाच अक्षरांचे असल्याने जाळे आटोपशीर असते. युक्त्यांचे मुख्य प्रकार पुढील उदाहरणांवरून स्पष्ट होतील.

(१) उलट : ‘नदी उलटी वाहू लागली तर गरीब (२)’. ‘न–दी’ ही अक्षरे उलट वाचली की ‘दीन’, अर्थ गरीब. (२) दडलेला शब्द : ‘राजगडाच्या पोटात विश्व (२)’. ‘रा–ज–ग–डा–च्या’ या अक्षरांमध्ये ‘जग’ आहे. हा अंतरालापाचाच अवतार होय. (३) जोड : ‘मोटार आणि ओझे मिळून प्रशासन (४)’. ‘कार’ व ‘भार’ मिळून ‘कारभार’. (४) विस्कट : ‘विकता विस्कटून हाती काव्य (३)’. ‘वि–क–ता’ यांचा क्रम बदलून ‘कविता’. (५) अंतर्भाव : ‘अरण्यात च घुसला, हा दिलेला शब्द (३)’. ‘वन’ या शब्दात ‘च’ ठेवून ‘वचन’. (६) श्लेष : ‘तलवारीचा आणि आठवड्याचाही (२)’. उत्तर ‘वार’, कापड मोजण्याच्या मापामुळे याच शब्दाला तिसरा अर्थही आहे व नऊवारी लुगडे या शब्दप्रयोगात तो टिकून आहे. (७) मात्रालोप : ‘काना गमावलेली शिवपत्नी ही पुण्याची टेकडी (३)’. ‘पार्वती’ या शब्दातील पहिल्या अक्षराचा काना काढला की ‘पर्वती’. हा शेवटचा प्रकार देवनागरी लेखनपद्धतीतूनच संभवतो. इंग्रजीत त्याला तंतोतंत जोड नाही.

लेखननियमांचा प्रश्नही मराठीत महत्त्वाचा ठरतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले व १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्यांनुसार अनुच्चारित अनुस्वार गेले आणि तत्सम शब्दांचे अंत्य इकार व उकार दीर्घ झाले. परिणामी ‘कवि’ हा शब्द सुटा असता ‘कवी’ असा लिहिला जातो, मात्र ‘कविता’ हा शब्द ऱ्हस्वच राहतो. ‘कवी’ आणि ‘ता’ यांची जोड देऊन ‘कविता’ सुचविणारा कोडेकार म्हणून ऱ्हस्व-दीर्घाची सवलत घेत असतो व ती सवलत सूचकात कोठेतरी सुचविणे न्याय्य ठरते.

उकल समजावून सांगण्याची पद्धती संस्कृत टीकापरंपरेत आधीच तयार होती. पदच्छेद, पदांचे अर्थ, विग्रह, वाक्ययोजना आणि आक्षेपांचे समाधान ही व्याख्यानाची पाच अंगे मानली जातात. शब्दकोडे सोडविणाराही प्रथम सूचकाचे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्याचे पर्यायी अर्थ आठवतो, जोड उलगडतो, अर्थाचा व कृतीचा मेळ घालतो आणि अखेरीस दुसरे एखादे उत्तर बसते काय, याची शंका घेऊन तिचे निरसन करतो. आडव्या व उभ्या शब्दांचे छेदबिंदू या शेवटच्या पायरीस साहाय्य करतात. या कामी लागणारी साधनेही पुण्यात तयार झाली : वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत–इंग्रजी कोश (१८९०), मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण (१९११) आणि य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांच्या संपादकत्वाखालील महाराष्ट्र शब्दकोश (सात विभाग, १९३२–३८). शेवटच्या कोशात बोलीतील व व्यवसायांतील शब्द विपुल असल्यामुळे एका शब्दाचे अनपेक्षित अर्थ शोधणाऱ्यास तो विशेष उपयोगी पडतो.

बक्षिसी शब्दकोडी व न्यायनिर्णय : कोड्याचे उत्तर सूचकातून सिद्ध होते की केवळ काढणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, हा प्रश्न एका काळी पैशाचा व कायद्याचा झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रवेशमूल्य घेऊन मोठी बक्षिसे देणारी शब्दकोडी मुंबई इलाख्यात फोफावली. त्यांतील सूचकांची रचना कूट शब्दकोड्याच्या नेमकी उलट असे. नमुन्यादाखल ‘संकटात ज्याच्यापाशी —— आहे तो तरतो’ अशा धर्तीचे वाक्य घेतले, तर तेथे धन, जन व मन हे तिन्ही शब्द सारखेच शोभतात. आयोजकाने आधीच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तराशी जुळेल तेच बरोबर ठरते. अशी २० सूचके असतील आणि प्रत्येकाला केवळ दोन पर्याय असतील, तरी संभाव्य उत्तरपत्रिकांची संख्या १०,४८,५७६ होते. एकाच घरातून दहापाच प्रवेशपत्रिका धाडल्या, तरी यशाची शक्यता नाममात्रच वाढते. भाषेच्या ज्ञानाचा मान मिळत असल्याच्या समजुतीने मोजक्या मिळकतीतील पैसे या सोडतीत जात, हे या प्रकाराचे खरे दुखणे होते.

मुंबई शासनाने १९४८ मध्ये सोडती व बक्षीस स्पर्धांचे नियंत्रण आणि त्यांवरील कर यांविषयीचा अधिनियम केला व १९५२ मध्ये तो सुधारून राज्याबाहेर छापलेल्या वृत्तपत्रांतील स्पर्धांनाही लागू केला. आर. एम. डी. चमारबागवाला यांची ‘आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्‌स’ ही स्पर्धा बंगलोर येथून निघणाऱ्या स्पोर्टिंग स्टार या साप्ताहिकात येत असे व ते साप्ताहिक मुंबई राज्यात खपत असे. त्यांनी या अधिनियमास आव्हान दिले. १९५५ मध्ये संसदेने बक्षीस स्पर्धा अधिनियम संमत केला. अक्षरे, शब्द किंवा अंक यांच्या जुळणीवर आधारलेल्या कोड्यांच्या स्पर्धेत महिन्याची एकूण बक्षिसे १,००० रुपयांहून अधिक आणि प्रवेशपत्रिका २,००० हून अधिक असू नयेत, अशी मर्यादा त्यात होती. या अधिनियमासही आव्हान देण्यात आले.

दोन्ही प्रकरणांचे निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ एप्रिल १९५७ रोजी दिले. मुंबईच्या प्रकरणात सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी असे ठरविले, की द्यूताच्या स्वरूपाचा व्यवहार हा व्यापारच नव्हे व म्हणून व्यापारस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण त्याला मिळत नाही. केंद्रीय अधिनियमाच्या प्रकरणात न्यायमूर्ती व्यंकटराम अय्यर यांनी अधिनियमाचा अर्थ मर्यादित केला : ज्या स्पर्धांतील यश भरीव प्रमाणात कौशल्यावर अवलंबून नसते त्यांनाच त्यातील निर्बंध लागू होतात, कौशल्याच्या स्पर्धा त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. अशा रीतीने कोडेशास्त्रातील जुना भेद, म्हणजे ज्याचे उत्तर स्वतःची सिद्धता देते ते कोडे आणि ज्याचे उत्तर केवळ घोषित केले जाते ते कोडे, भारतीय कायद्यात कौशल्य व नशीब या शब्दांत प्रविष्ट झाला. घोड्यांच्या शर्यती, पत्त्यांचे खेळ यांविषयीच्या पुढील अनेक निवाड्यांत या निर्णयांचा आधार घेतला गेला. २०२५ मध्ये संसदेने संगणक-महाजालावरील पैशाच्या खेळांविषयी केलेल्या अधिनियमात मात्र कौशल्य व नशीब यांत भेद न करता असे सर्व खेळ प्रतिबंधित केले आहेत.

सद्यःस्थिती : मोठ्या बक्षिसांचे युग ओसरल्यावरही मराठी दैनिकांतून शब्दकोडे हे नित्याचे सदर म्हणून टिकून राहिले. त्यांतील बहुसंख्य सूचके पर्यायी शब्द, म्हणी, पौराणिक नावे यांवर आधारलेली, म्हणजे सरळ स्वरूपाची असतात. संपूर्ण कूट सूचकांची कोडी मराठीत विरळ आहेत. श्लेष, संधी, सामासिक शब्दांची रेलचेल, तत्सम, तद्भव व फार्सी अशा तिहेरी शब्दसंपत्तीमुळे मिळणारे विविध पर्याय आणि काना-मात्रांचा खेळ यांचा विचार करता मराठीत या प्रकारास पुष्कळ वाव आहे. मात्र कूट कितीही अवघड असले, तरी उत्तर कळताच त्यातील प्रत्येक शब्द आपापल्या जागी बसलेला दिसला पाहिजे आणि ते उत्तर दुसऱ्याला कारणासहित पटवून देता आले पाहिजे. विदुराच्या उपदेशापासून वृत्तपत्रातील चौकटींपर्यंत चांगल्या कूटाचे हे लक्षण बदललेले नाही.